समुद्र दिसतो, गिऱ्हाईक दिसत नाही

कोकणातल्या जमिनीचा भाव आजवर कधी पडलेला नाही. आंबा पडतो, नारळ पडतो, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या; भाव तेवढा जागचा हलला नाही. कुणालाही विचारून बघा. भाव सांगणारा नेहमी विकणारा असतो आणि त्याच्याकडे कालचा भाव, आजचा भाव आणि 'दिवाळीनंतर विचारूच नका' असे तीनच भाव असतात. विकत घेणारा भेटला तर तो कदाचित चौथा सांगेल. पण तो भेटत नाही.

या अढळपदाचं श्रेय एका विशिष्ट गृहस्थाला द्यायला हवं. प्रत्येक मराठी मध्यमवर्गीय घराण्यात तो एक तरी असतोच. त्याला पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी नागावला किंवा काशीदला समुद्राकाठचा एकर चहापाण्याच्या पैशांत मिळत होता आणि त्याने तो घेतला नाही. का घेतला नाही? बहिणीचं लग्न होतं, तिथे लाइट नव्हती, बायको म्हणाली की भाजीला माठाशिवाय काही मिळत नाही. पुढे अलिबागच्या बाजूला नटांनी आणि क्रिकेटपटूंनी बंगले बांधले आणि तो न घेतलेला एकर त्या घराण्याची सगळ्यात मोठी स्थावर इस्टेट होऊन बसला. लग्नात, मुंजीत, अगदी तेराव्यालासुद्धा त्याचा आजचा भाव काढतात. या इस्टेटीला ना कूळ, ना भाऊबंदकी, ना शेतसारा. बिल्डरला एवढी चांगली जाहिरात फुकटात कुठून मिळणार?

माझ्या साडूंच्या घराण्यात हे पद त्यांच्या वडिलांकडे होतं. साडू निवृत्त झाले, फंडाचे पैसे हातात आले, आणि वडिलांनी न घेतलेला एकर आपण निदान गुंठ्याने तरी घ्यायचाच, असं त्यांनी ठरवलं. साइट व्हिजिटची बस मोफत होती, जेवणात सुरमई होती. म्हणून मीही गेलो.

बस रात्री स्वारगेटहून निघाली. गळ्यात टाय आणि हातात माइक असलेला एक मुलगा दर अर्ध्या तासाने 'आपण सगळे आता एक फॅमिली आहोत' असं सांगत होता. पहाटे घाट उतरल्यावर फॅमिलीतल्या निम्म्या लोकांना बस लागली. मालवणच्या अलीकडे कुठेतरी आम्ही उतरलो तेव्हा समोर एक प्रचंड कमान होती. दोन्ही खांबांवर सिमेंटचे डॉल्फिन उड्या मारत होते. गेटला कुलूप होतं आणि गेटच्या दोन्ही बाजूंना काहीच नव्हतं, कुंपण नाही की गडगा नाही. मुलगा किल्ली शोधेपर्यंत एक गाय बाजूने आत जाऊन, जागा बघून परतली. तिने काही घेतलं नाही.

आत नुसता सडा. काळा कातळ, त्यावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा, प्रत्येक चौकोनात एक झेंडा. मध्ये 'क्लब हाऊस' अशी पाटी, थोडी पुढे 'स्विमिंग पूल' अशी पाटी, आणि त्या पाटीखाली सुरुंगाशिवाय फुटणार नाही असा जांभा. समुद्र कुठे आहे, असं कुणीतरी विचारलं. मुलाने हात केला. आम्ही चाळीसएक माणसं त्या हाताच्या दिशेला तोंड करून, डोळ्यांवर आडवा तळवा धरून उभे राहिलो. "सर, आज जरा ढगाळ आहे," तो म्हणाला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ गवत कापत होते. ते मान वर न करता म्हणाले, "दर्या दिसता मां! माडार चढाक होया." तिथे एकही माड नव्हता. माड फेज टूमध्ये होते.

समुद्र त्या जागेपासून 'पाच मिनिटांवर' होता, असं पत्रकात छापलं होतं. कुणाच्या पाच मिनिटांवर, ते नव्हतं. घारीच्या असावा.

अंतराची ही कला आपली नव्हे, हे मला पुढे वाचनात सापडलं. ज्याच्या नावावरून जगातल्या सगळ्या साखळी-ठकबाज्यांना पॉन्झी म्हणतात, त्या चार्ल्स पॉन्झीने १९२० मध्ये बोस्टनला पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के देतो म्हणून लोकांना बुडवलं, तुरुंगात गेला, बाहेर आला आणि १९२५ मध्ये थेट फ्लोरिडात जाऊन जमिनीच्या धंद्यात शिरला. त्या वेळी फ्लोरिडाच्या किनाऱ्याला ताप भरला होता. लोक प्लॉट न बघता घेत आणि घेतलेला संध्याकाळी विकत. पॉन्झीने कंपनी काढली, 'चारपॉन लँड सिंडिकेट', आणि साठ दिवसांत दोनशे टक्के कबूल केले. जमीन 'जॅक्सनव्हिलजवळ' होती. हे जवळ म्हणजे शंभरएक किलोमीटर, आणि जमिनीचा बराच भाग दलदल. एका एकराचे त्याने तेवीस प्लॉट पाडले होते. मी हिशेब केला: पावणेदोन गुंठे. त्या माणसाने आयुष्यात गुंठा हा शब्द ऐकला नसेल, पण मनुष्यस्वभावाचा नेमका आकार त्याला बरोबर सापडला होता. पुढे १९२६ च्या सप्टेंबरात मायामीवर चक्रीवादळ आलं आणि आधीच उतरणीला लागलेला तो सगळा बाजार पाण्यात गेला.

इकडे सडा बघून झाल्यावर जेवण. सुरमईचा तुकडा चांगला तळहाताएवढा, सोलकढी मागाल तेवढी, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला टोकनचा फॉर्म. माशाचं भरपेट जेवण झाल्यावर मराठी माणूस बारीक टाइप वाचत नाही, हे ज्याने ओळखलं त्याच्या बुद्धीला दाद द्यायला हवी. साडूंनी हात धुवायच्या आधीच चेक लिहिला. त्या चेकला अजून वास येत असेल.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "सातबारा बघितलात का?"

"अहो, दाखवला की. लॅमिनेट केलेला होता."

लॅमिनेट केलेल्या सातबाऱ्यापासून माणसाने चार हात लांब राहावं, कारण खरा सातबारा कधीही बदलतो आणि आता तो महाभूलेखवर घरबसल्या बघता येतो. कोकणातला सातबारा हा तर खास वाङ्मयप्रकार आहे. घाटावर त्यात दोन-चार नावं असतात. इथे सामाईक खातेदारांची अख्खी वंशावळ असते. त्यातले काही परळला, काही गिरगावातून विरारला गेलेले, काही मेलबर्नला आणि बरेचसे स्वर्गात. सगळ्यांची संमती हवी. ती कुणी आणली? तर एका चुलतभावाने, सगळ्यांच्या वतीने कुलमुखत्यारपत्र करून. त्यात स्वर्गस्थांच्याही सह्या होत्या आणि त्या जिवंत मंडळींपेक्षा ठळक होत्या. शिवाय 'इतर हक्क' नावाचा रकाना. कुळाचं नाव, देवस्थान, बँकेचा बोजा, सगळा मामला तिथे लहान अक्षरात बसलेला असतो आणि लॅमिनेशनची चकाकी नेमकी तिथेच पडते.

त्यात महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ तसं सांगतं. साडूंची शेती म्हणजे गॅलरीतली तुळस आणि तिच्या शेजारी एक ओवा. पण मुलगा म्हणाला, "सर, एनए प्रोसेसमध्ये आहे." म्हणजे जमीन अजून बिगरशेती झालेली नाही, म्हणून तूर्त खरेदीखत नाही, नोटरीपुढे केलेलं साठेखत. जमीन एनए झाली की खरेदीखत, खरेदीखत झालं की मोजणी, मोजणी झाली की ताबा, ताबा मिळाला की माड, आणि माडावर चढलं की समुद्र. एवढ्या प्लॉटांची योजना महारेरात नोंदवावी लागते. नंबर विचारला तर त्यांनी मोबाइल नंबर दिला.

समजा सगळं कायदेशीर निघालं आणि जागा खरोखर समुद्रावर असली, तरी सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचा नियम, उभा असतोच. १९९१ पासून तो आहे, २०११ मध्ये नवा झाला, २०१९ मध्ये पुन्हा नवा झाला. विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटर नवीन बांधकाम नाही, दाट वस्तीच्या गावात आता ते पन्नास मीटर. त्यामुळे निर्जन, शांत किनाऱ्यावर 'समुद्रापासून फक्त दीडशे मीटर' अशी जाहिरात दिसली की मला ती जाहिरात कमी आणि कबुलीजबाब जास्त वाटते. केरळात कोचीजवळ मरडूला पाण्याकाठच्या चार गृहप्रकल्पांतले टॉवर सुप्रीम कोर्टाच्या हुकमाने जानेवारी २०२० मध्ये सुरुंग लावून पाडले, ते याच नियमापायी. लोकांनी ते टीव्हीवर थेट बघितलं. माझे साडूही बघत होते, आणि त्यांना त्यातलं सगळ्यात काय आवडलं, तर धुळीतून दिसणारा व्ह्यू.

दुसरी गंमत अशी की इथे भाव रस्त्यामुळे चढत नाही, रस्ता होणार या बातमीमुळे चढतो. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. रेवस-रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना अंतुले मुख्यमंत्री असतानाची, म्हणजे १९८० च्या आसपासची. एखादा रस्ता खरंच पुरा झाला तर त्याच्या नावावर पुढच्या पिढीला काय विकायचं, असा प्रश्न पडेल. म्हणून कंत्राटदारावर माझा राग नाही. अनेकांच्या गुंतवणुकीची राखण तोच करतोय. चिपीचा विमानतळ मात्र २०२१ मध्ये चक्क झाला, तेव्हा एजंट मंडळी थोडी हिरमुसली असतील. नाणारला तेलशुद्धीकरण प्रकल्प येणार म्हणून बाहेरच्या लोकांनी तिथल्या जमिनी घेऊन ठेवल्या, मोबदल्याच्या आशेने. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर प्रकल्प तिथून रद्द झाला. आता त्यांच्याकडे उत्तम प्रतीचा कातळ आहे आणि हवा स्वच्छ आहे.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी साडूंपेक्षा हुशार. प्लॉटबिट नको म्हणाले आणि रायगडच्या किनाऱ्याला रीतसर नोंदणी झालेल्या इमारतीत वन बीएचके घेतला, 'दोन वर्षं दरमहा वीस हजार हमखास भाडं' अशा हमीसह. बाजूच्या इमारतीपेक्षा पाच लाख महाग पडला, पण हमखास ते हमखास. दोन वर्षं भाडं खरंच आलं. चोवीस गुणिले वीस हजार, चार लाख ऐंशी हजार. म्हणजे सेक्रेटरींचेच जादा पाच लाख त्यांना हप्त्याहप्त्याने परत मिळाले आणि वरचे वीस हजार बिल्डरने पोस्टेज म्हणून ठेवून घेतले. पंचविसाव्या महिन्यापासून बिल्डरचा फोन 'संपर्क क्षेत्राबाहेर' गेला.

मग फ्लॅट उरला. समुद्राकाठचा फ्लॅट आठवड्यातून एकदा ताजी हवा देतो आणि उरलेले सहा दिवस खारा वारा ग्रिल खातो. एसीचं बाहेरचं यंत्र तिसऱ्या वर्षी हाताने चुरगाळता येतं. जूनमध्ये कुलूप लावलेलं घर ऑक्टोबरात उघडलं तेव्हा वहिनींना गादीवर अळंबी सापडली; शहरात ती पावशेर किती रुपयांना मिळते ते मला ठाऊक आहे, पण बोललो नाही. सेक्रेटरींनी फ्लॅट विकायला काढला. एजंट म्हणाला, "साहेब, बिल्डरच शेजारच्या नव्या विंगमध्ये तुमच्या भावापेक्षा स्वस्त देतोय, वर मॉड्युलर किचन. तुमचं जुनं किचन कोण घेणार?" आता मधला मार्ग म्हणून भाव उतरवावा, तर रेडी रेकनर आडवा येतो. तुम्ही आनंदाने कमी किमतीत विका, मुद्रांक शुल्क सरकारी दर आणि तुमची किंमत यांतल्या जास्त आकड्यावरच लागणार, आणि तफावत दहा टक्क्यांवर गेली की आयकर खातंही तुम्ही न घेतलेले पैसे घेतले असं धरून चालणार. सरकारदरबारी भाव पडायला परवानगी नाही. लिलाव होत नाही, सौदा होत नाही, आकडा कुठे नोंदला जात नाही. म्हणून भाव टिकून.

माझा एक भाचा फ्लोरिडातच टँपाला असतो. त्याचं दुःख उघडं आहे. तिथे घराचा अंदाजी भाव मोबाइलवर रोज दिसतो आणि पडला की लाल रंगात दिसतो. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन, मग दोन आठवड्यांत मिल्टन, अशी दोन वादळं त्या किनाऱ्याला लागोपाठ भिडली. विम्याचे हप्ते आधीच डोक्यावरून गेले होते. त्याआधी जून २०२१ मध्ये मायामीशेजारच्या सर्फसाइडला समुद्राकाठची इमारत रात्री कोसळून ९८ माणसं गेली, तेव्हापासून जुन्या इमारतींची तपासणी आणि दुरुस्तीचा निधी सक्तीचा झाला. लाखोंची वर्गणी बघून म्हातारी माणसं फ्लॅट विकायला निघाली, विकणारे वाढले, भाव पडले. केप कोरल वगैरे भागांत तर चांगलेच. भाचा म्हणाला, "मामा, तुमच्याकडे असं नाही ना होत?" मी म्हटलं, छे, आमच्याकडे विमाच कुणी काढत नाही, मग हप्ता वाढायचा प्रश्न कुठे? मालवणजवळ देवबागला एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र आहे. पावसाळ्यात समुद्र तिथे स्वतः येऊन घरांना टच करून जातो आणि लोक धूपप्रतिबंधक बंधारा मागत बसतात. पण भाव विचारा, चढाच सांगतील.

तर भाव पडत नाही, गिऱ्हाईक येत नाही, आणि या दोहोंच्या मधल्या पोकळीत जो माणूस येऊन उभा राहतो त्याच्याविषयी मला खरं बोलायचं आहे. पहिला ठक तुम्हाला वस्तू विकतो. त्याचं ठीक आहे. निदान सुरमई तरी खायला घालतो. दुसरा ठक ती वस्तू विकून देतो म्हणून येतो. तो जेवायलाही घालत नाही.

नव्वदच्या दशकात सागवानाच्या योजना निघाल्या होत्या. हजार रुपयांचं रोप, वीस वर्षांनी लाखाचं झाड, आणि सर्टिफिकेटवर इतकं सुंदर झाड छापलेलं की लोकांनी फ्रेम करून लावलं. झाडं कुठे होती हे ना लोकांनी विचारलं, ना त्यांनी सांगितलं. मग जमिनीच्या नावावर पीएसीएल आली, म्हणजे पर्ल्सवाली. गावोगावच्या एजंटांनी सुमारे पाच कोटी पंच्याऐंशी लाख माणसांकडून एकोणपन्नास हजार कोटींच्या वर रुपये गोळा केले. सेबीने २०१४ मध्ये पैसे परत द्यायला सांगितलं, २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने निवृत्त सरन्यायाधीश लोढांची समिती नेमली. आणि इथेच दुसऱ्या ठकाचा प्रवेश. मागितल्याशिवाय मूळ प्रमाणपत्र कुणाच्याही हातात देऊ नका, असं सेबीला लोकांना बजावून सांगावं लागलं. म्हणजे बुडालेल्या पैशांच्या कागदालाही गिऱ्हाईक होतं! हॉलिडे क्लबचं तसंच. मेंबरशिप रद्द करून पैसे परत मिळवून देतो, फक्त आधी जीएसटी भरा. बुडालेल्या माणसांच्या याद्या फार मोलाच्या असतात. या माणसाकडे पैसे आहेत आणि तो विश्वास ठेवतो, हे त्यात आधीच सिद्ध झालेलं असतं.

साडूंना फोन आला तो गेल्या पावसाळ्यात. बोलणारी बाई शुद्ध मराठीत, अतिशय अदबीने बोलत होती. एका जर्मन कंपनीला त्या सड्यावर आयुर्वेदिक रिसॉर्ट काढायचं होतं. साडूंच्या प्लॉटला ते चाळीस लाख द्यायला तयार होते. साडूंनी मला ताबडतोब बोलावून घेतलं, फोन स्पीकरवर टाकला आणि 'बघा' अशा अर्थाने भुवया उडवल्या.

"सर, फक्त एनओसीचे अठरा हजार पाचशे आधी भरावे लागतील. रिफंडेबल आहेत."

साडूंचा हात चष्म्याकडे गेला. पुढचा हात चेकबुकाकडे जाणार हे उघड होतं. तेवढ्यात ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, लसूण सोलता सोलता फोनकडे झुकल्या.

"मॅडम, एक काम करा. तुमचे अठरा हजार पाचशे त्या चाळीस लाखांतून कापून घ्या. हवं तर वीस हजार घ्या, तुमचे कष्ट आहेत. उरलेले आमच्या खात्यावर पाठवा."

पलीकडे थोडा वेळ पंख्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

"घालवलंस!" साडू ओरडले. "आलेलं गिऱ्हाईक घालवलंस! अगं, जर्मन होते ते!"

ताई पुढच्या पाकळीकडे वळल्या. मी दोन शब्द समजुतीचे बोलायला गेलो, पण साडू ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. ते मोबाइलवर काहीतरी टाइप करत होते. प्लॉटधारकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, सुप्रभात आणि एनएची चौकशी यापलीकडे त्यावर फारसं काही येत नाही. साडूंनी त्यावर लिहिलं, 'आजच परदेशी पार्टीकडून चाळीसची ऑफर आली होती. आम्ही सध्या थांबलो आहोत.' पाच मिनिटांत तेवीस अंगठे आले, तिघांनी अभिनंदन केलं, एकाने अठ्ठावीसला लावलेली जाहिरात मागे घेत असल्याचं कळवलं, आणि रात्री जेवणं होईपर्यंत सर्वानुमते ठरलं की यापुढे चाळीसच्या खाली कुणीही द्यायचं नाही.